बाळ काचेत असताना: आधी काय, मग काय, आणि प्रार्थना कुठे बसते

आमची मुलगी २९व्या आठवड्यात झाली. वजन ११४० ग्रॅम, मुक्काम एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ४७ दिवस. तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं बाळ लवकर झालं की फोन मला येतो, आणि दर वेळी तीच गत झालेली असते. घाबरून सगळे आधी फोन फिरवतात, प्रार्थनेचे मेसेज दहा ग्रुपवर जातात, पाळकसाहेब येतात, मावश्या येतात, आणि तिसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवतं की अगं बाळंतिणीचं दूध कुणी काढलंच नाही! माणसं काही वाईट नसतात, फक्त क्रम चुकतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, त्यामुळे माझं आणि तुमच्या डॉक्टरांचं जिथे जुळणार नाही तिथे डॉक्टरांचं ऐकायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ काढायला जाऊ नका, तो मिळत नाही, आणि मग मिळाला नाही म्हणून अपराधी वाटत राहतं. तिला कामाला बांधून टाका. दूध काढताना, हात धुताना, बाळ छातीवर असताना. कशी ते पुढे येईलच.

## १. पहिले सहा तास

बाळ आत आणि आई वेगळ्या वॉर्डात, बहुतेकांचं असंच होतं. माझं सिझर झालेलं, मी दुसऱ्या मजल्यावर, बाळ चौथ्यावर. अशा वेळी कामं वाटून घ्या.

बाबांनी बाळाबरोबर जायचं. तिथे चारच प्रश्न विचारायचे: श्वासाला कसला आधार दिलाय, आत्ता सगळ्यात मोठी काळजी कशाची आहे, पुढचे अपडेट किती वाजता आणि कोण देणार, आईचं दूध कधीपासून लागेल. उत्तरं कागदावर लिहायची, डोक्यात ठेवायची नाहीत, त्या दिवशी डोक्यात काहीही राहत नाही. मग फोन करायचा तो एकाच माणसाला. बाकीच्यांना तो माणूस सांगेल.

आईनं दूध काढायला सुरुवात करायची. जमलं तर पहिल्या तासात, नाही तर सहा तासांच्या आत. पहिल्यांदा येतो तो चीक, पिवळसर, घट्ट, आणि तो येतो थेंबांत. मला पहिल्या वेळी अर्धा एमएलसुद्धा आला नाही, मी रडायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या वाया घालवू नका, सिरिंजमध्ये घ्या. तेवढाच बाळाच्या गालात आतून लावला. अशा बाळाला हे थेंब औषधासारखे असतात, त्यामुळे "दूध आलं नाही" म्हणून थांबायचं नाही.

> तपासा: सहा तास झाले आणि अजून कुणी दूध काढायला शिकवलं नाही? बेल वाजवा आणि विचारा. संकोच नको.

## २. दूध (हे सगळ्यात जास्त चुकतं)

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. दिवसा दोन वेळांच्या मध्ये तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको आणि रात्री निदान एकदा उठायचंच. रात्रीचं टाळलं की आठवड्याभरात दूध कमी होतं, हे मी स्वतः करून बघितलंय. सासूबाईंनी मायेनं "झोपू दे तिला" म्हणून उठवलं नाही, दोन रात्री, आणि तिसऱ्या दिवशी वाटीत निम्मंच.

हातानं काढायची पद्धत:

1. हात साबणानं धुवा. भांडं उकळलेलं, रुंद तोंडाचं.
2. छातीला कोमट फडकं लावा, हलक्या हातानं चोळा, मिनिटभर.
3. अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला.
4. आधी छातीकडे आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. बोटं कातडीवरून घासायची नाहीत. दुखत असेल तर पद्धत चुकतेय.
5. धार मंदावली की बोटांची जागा बदला, मग दुसरी बाजू. दोन्ही मिळून वीस-तीस मिनिटं.
6. लेबल लावा, आईचं नाव, तारीख, वेळ.

काढलेलं दूध बाहेर साधारण ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास, पण युनिटचा नियम वेगळा असेल तर तोच पाळायचा. घरून नेताना बर्फाच्या डब्यात. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा.

एवढं करूनही पुरेना तर वरचं दूध आणायला धावू नका, आधी मिल्क बँकेचं विचारा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून मिल्क बँक आहे, आशियातली पहिली, आणि आता इतर शहरांतही आहेत. दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध असतं ते. यात काही कमीपणा नाही हो.

> थांबा: बाळंतिणीनं उपास करायचा नाही. आपल्याकडे उपास-प्रार्थना लगेच ठरते आणि आईलाच आधी वाटतं मीही धरते. नाही. तुमच्याऐवजी मंडळीतले दहा जण धरतील, तुम्ही भाकरी, डाळ, भाजी, दूध, अळिवाचा लाडू, जे मिळेल ते वेळेवर खायचं आणि पाणी प्यायचं.

आता प्रार्थना. माझ्याकडे शब्दच नव्हते. डोळे मिटले की मॉनिटरचा आवाज यायचा. मग एका मावशींनी सांगितलं की दर वेळी दूध काढताना एकाच माणसाचं नाव घे. सहाची वेळ बाळाची, नऊची रात्रपाळीच्या सिस्टरची, बाराची शेजारच्या पेटीतल्या बाळाची, असं. आठ वेळा, आठ नावं. रात्री तीनला मी १२१वं स्तोत्र पुटपुटायचे, ते राखणारा झोपत नाही वालं. उगाच मनाची समजूत म्हणून नाही, त्या वेळेला अख्ख्या वॉर्डात मी, तो राखणारा, आणि ड्यूटीवरची सिस्टर एवढेच जागे असायचो.

## ३. आत जाताना

अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा रोझरीचा मणी, सगळं काढून. नखं कापलेली. कोपरापर्यंत हात धुवायचे, नुसते ओले करून यायचं नाही. आणि मोबाइल. हात धुवून आत गेल्यावर मोबाइलला हात लावला की पुन्हा धुवायचे. बायबलचं ॲप उघडायचं म्हणून लावला तरी पुन्हा धुवायचे!

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, ओठावर फोड, यातलं काहीही असेल तर आत जायचं नाही, पालक असलात तरी आधी विचारा.

मग स्पर्श. इथे एक गंमत आहे. आपण बाळ बघितलं की कुरवाळतो, गालावरून बोट फिरवतो. इतक्या लवकर झालेल्या बाळाला ते सहन होत नाही, कातडी पातळ, मेंदू दमतो, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली येतं. त्याला बरा वाटतो तो न हलणारा हात. एक तळवा डोक्याला, दुसरा पायांना, हलकेच, स्थिर, बोटं न फिरवता. म्हणजे आपण मंडळीत हात ठेवून प्रार्थना करतो ना, अगदी तसाच. सिस्टरांनी शिकवलं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालं, हे तर मला येतं. त्या दिवसापासून तो घाबरायचा थांबला.

या चुका मी डोळ्यांनी बघितल्यात:

- अभिषेकाचं तेल बाळाच्या कपाळाला लावणं. नको. कातडीतून जंतू जातात. तेल आईच्या कपाळाला लावा, चालतं.
- क्रूस, मेडल, वचनाची चिठ्ठी पेटीच्या आत ठेवणं. बाहेरच्या बाजूला चिकटवता येते का ते सिस्टरांना विचारा, आमच्याकडे लॅमिनेट केलेलं एक कार्ड चाललं.
- फोनवर भक्तिगीतं लावून पेटीवर ठेवणं. पेटीत आवाज घुमतो. पेटीवर बाटली ठेवली तरी आत धाडकन वाजतं.
- फ्लॅश मारून फोटो.

## ४. डॉक्टरांशी बोलणं आणि वही

एक साधी वही करा, दोनशे पानी, आणि रोज या सहाच ओळी: वजन, दर फीडला किती एमएल, श्वासाचा आधार, श्वास थांबण्याचे प्रकार किती वेळा, चालू औषधं, आज कुठली तपासणी झाली किंवा होणार. सातवी ओळ तुमची, काहीही लिहा. माझ्या सातव्या ओळीत एके दिवशी नुसतं "सीपॅप निघाला" असं आहे आणि खाली तीन उद्गारचिन्हं.

कानावर पडणारे शब्द थोडक्यात. सर्फॅक्टंट म्हणजे फुप्फुसं उघडी राहायला दिलेलं औषध. सीपॅप म्हणजे नाकातून दाबानं हवा, श्वास बाळच घेतं. व्हेंटिलेटर म्हणजे नळी घालून मशीन श्वास देतं. ॲप्निया म्हणजे वीस सेकंद किंवा जास्त श्वास थांबणं, त्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच. फोटोथेरपी कावीळीसाठी.

दोन गोष्टी आधी माहीत असल्या की निम्मी घाबरगुंडी वाचते. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, दहा टक्के, कधी पंधरापर्यंत, आणि जन्माच्या वजनावर परत यायला साधारण दोन आठवडे लागतात. दुसरं, आज सीपॅप काढला म्हणजे उद्या परत लागणार नाही असं नाही. आमचा दोनदा परत लागला. "प्रार्थना कमी पडली" असला हिशोब मांडू नका, फुप्फुसं लहान आहेत एवढाच त्याचा अर्थ.

पोट फुगणं, हिरवं पाणी येणं, शौचात रक्त, यातलं काही कळलं की फीड थांबवतात. तिथे "माझं दूध का बंद केलं" म्हणून भांडू नका, पण कारण जरूर विचारा आणि दूध काढणं चालूच ठेवा, ते साठवता येतं.

> तपासा: तुम्ही बाळाकडे बघताय की मॉनिटरकडे? आकडा खाली गेला की आधी बाळाचा रंग आणि छाती बघा. बाळाला लावलेली सेन्सरची पट्टी सैल झाली तरी आकडा पडतो.

## ५. कांगारू

कांगारू म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवणं. डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच. "अजून लहान आहे, वजन वाढू दे" म्हणून घरचेच लांबवतात, तिथेच चुकतं. सीपॅपवर असलेल्या बाळालाही अनेक युनिटांत देतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास म्हणते, इतकं नाही जमलं तरी एका बैठकीत निदान तासभर हवाच, कारण पेटीतून काढून ठेवण्यातच बाळाची बरीच शक्ती जाते.

1. आधी बाथरूम, पाणी, खाणं उरकून घ्या. पुढून उघडणारा गाऊन.
2. खुर्चीत थोडं मागे रेलून बसा. सिझर असेल तर पोटाखाली उशी.
3. बाळाला फक्त डायपर, टोपी, मोजे. सिस्टर ठेवतील, नळ्या त्यांनाच सांभाळू द्या.
4. बाळ उभं, दोन्ही छातींच्या मध्ये, डोकं एका बाजूला, मान किंचित वर. पाय बेडकासारखे.
5. वरून कापडानं बांधा, मऊ सुती साडी चालते.

> तपासा, दर दहा मिनिटांनी: नाक दिसतंय? हनुवटी छातीला टेकलेली नाही ना? रंग गुलाबी? मग ठीक. तुम्हाला झोप येतेय? तर सांगा, बाळ घेऊन एकट्यानं डुलक्या नकोत.

बाबांनीही करायचं. छातीवर केस आहेत म्हणून चालत नाही वगैरे काही नसतं. गाणं म्हणायचं तर इथे, अगदी गुणगुणत, बाळाला छातीतून ऐकू जातं. आमचे हे बेसूर आहेत, मंडळीत त्यांना कुणी माइक देत नाही, पण ते एकच जुनं भजन तासभर घोळवायचे आणि मुलीचं सॅच्युरेशन त्या तासात सगळ्यात छान असायचं. त्यात भजनाचा वाटा किती आणि छातीच्या उबेचा किती, मला वेगळं करता येत नाही.

## ६. मंडळी, पाळक आणि पैसे

चार मित्रांनी पक्षाघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडलं, ती गोष्ट आठवा. त्यांनी नुसता निरोप पाठवला नाही, खाट उचलली. तुमच्या मंडळीला उचलायला खाट द्या. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच नेमकं सांगायचं: मंगळवारी डबा, गुरुवारी मोठ्या मुलाला शाळेतून आणायचं, रक्त लागलं तर या गटाचे कोण, बर्फाचा डबा कुणाकडे आहे. हे सगळं त्या एकाच माणसाकडे, ज्याला पहिल्या दिवशी फोन केलात.

प्रार्थनेचा निरोप छोटा असू द्या. बाळाचा नळ्यांसकट फोटो नको, आजाराचं नाव नको, रोजचं वजन तर मुळीच नको, नाही तर रस्त्यात लोक विचारतात "किती झालं गं?" आणि त्या दिवशी नेमकं उतरलेलं असतं.

पाळक किंवा फादर यांना आत न्यायचं तर युनिटची परवानगी आधी, दारात उभं राहून नाही.

बाप्तिस्मा. बाळाची तब्येत नाजूक असेल तर हे आधीच नवरा-बायकोनं बोलून ठेवा, रात्री दोनला ठरवायला लागू नये. वसईकडच्या कॅथलिक घरांत हे बहुतेकांना माहीत असतं: जिवाला धोका असेल तर कुणीही देऊ शकतं, डोक्यावर थोडं पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाचं सूत्र. पाणी निर्जंतुक, सिस्टरांकडून मागून घ्या, काही थेंब पुरतात. बाळ बरं झालं की पुन्हा द्यायचा नसतो, फक्त चर्चला कळवून नोंद करायची, राहिलेले विधी नंतर. ज्यांच्या मंडळीत बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत त्यांनी समर्पणाची प्रार्थना पेटीशेजारी उभं राहून करावी, समारंभ नंतर होईल.

पैशाचं पहिल्याच दिवशी बघा, बिल आल्यावर नाही. सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. खासगीत असाल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा, तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन भरती होतानाच भेटा. आम्ही बाराव्या दिवशी गेलो, तोवर बरंच भरून झालं होतं.

## ७. वाईट दिवस

असा दिवस येतो. आमचा एकविसावा होता, जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टर नेहमीपेक्षा हळू बोलले.

त्या दिवशी करायचं एवढंच: दोघांनी एकत्र डॉक्टरांना भेटा, ऐकलेलं त्यांनाच परत म्हणून दाखवा, दूध काढा, जेवा. देवाशी भांडायचं असेल तर भांडा. स्तोत्रांत "किती वेळ, प्रभू" असं विचारणारी माणसं आहेत, १३वं वाचा, ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. "देवाची योजना असेल", "विश्वास ठेवला असता तर" असं म्हणणाऱ्यांना तुमचा तो एक माणूस दारातूनच चहाला घेऊन जाईल. नवस बोलायचा असेल तर बोला, माउंट मेरीला मेणाचं बाळ वाहणारे माझ्या घरातही आहेत, पण नवस झाला म्हणून अँटिबायोटिक नको असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

> थांबा: दोन आठवड्यांनंतरही सतत रडू, झोप नाही, बाळाकडे जावंसं वाटत नाही, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार, हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य असतं, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. आत्महत्येचे विचार असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच.

## ८. डिस्चार्जच्या आधी

घरी जायच्या आनंदात माणसं फाइल न बघता निघतात. निघायच्या आधी वहीत खुणा करा:

- डोळ्यांची तपासणी (आरओपी, म्हणजे लवकर झालेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, त्यासाठी). ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर त्याआधी. डिस्चार्ज झाला तरी तारीख चुकवायची नाही. उशीर झाला तर नजर जाऊ शकते, आणि वेळेत सापडलं तर उपचार आहे. एवढं एकच वाक्य वाचलंत तरी चालेल.
- कानाची तपासणी.
- डोक्याची सोनोग्राफी झाली का, रिपोर्ट फाइलमध्ये आहे का.
- लसींचं कार्ड, व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब, किती आणि कधीपासून.
- बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं दूध पाजणं तुम्ही स्वतः सिस्टरांसमोर करून दाखवलंत का.
- एक-दोन रात्री बाळाबरोबर तिथेच राहायला देतात का, विचारा.
- जन्मनोंद, २१ दिवसांच्या आत. धावपळीत हमखास राहते.

## ९. घरी

१८५० ग्रॅमची मुलगी घेऊन आम्ही आलो तेव्हा दारात तीस माणसं, हार, आणि उपकारस्तुतीची सभा ठरलेली. मी रिक्षातूनच नवऱ्याला आत पाठवलं, सगळे नीट पांगल्यावर उतरले. नाराज झाले काही, नंतर मावळलं. सभा करा की, पण बाळाशिवाय करा, आणि हातोहात बाळ फिरवणं, पापे घेणं हे काही महिने नाहीच. चर्चला कधी न्यायचं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारून, आणि नेलंत तर मागच्या बाकावर, दाराजवळ.

धुरी नाही, घुटी नाही, मध नाही, काजळ नाही, नाकात-कानात तेल नाही. शेगडी तर बाळाच्या खोलीत नकोच, धुरानं या फुप्फुसांचे हाल होतात. झोपवायचं पाठीवर. कांगारू घरीही चालू. आशाताई आल्या तर वजन करून घ्या.

> लगेच दवाखाना: पीत नाही, हातपाय गार किंवा अंग तापलेलं, श्वास जोरात किंवा छाती आत ओढली जाते, ओठ निळे, फार सुस्त, झटके, पोट फुगलं.

लसी जन्मतारखेप्रमाणे, बीसीजीसारख्या एखाद्या लसीचं वजन बघून डॉक्टर ठरवतील. पण मान धरणं, हसणं, बसणं हे मोजायचं सुधारित वयानं: ४० आठवड्यांतून जन्माचे आठवडे वजा करा, उरलेले आठवडे आजच्या वयातून काढा. आमची २९ची, म्हणजे ११ आठवडे वजा. जावेच्या मुलाशी तुलना करणाऱ्या आजीला हा हिशोब कॅलेंडरवर लिहून द्या. आमच्याकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर अजून आहे, सासूबाईंच्या अक्षरात, आणि खाली त्यांनी स्वतःहून लिहिलंय: "घाई नाही."